प्रकरण अकरावे : रुग्णांच्या तेलाचं भांडं

किल्लेदार दुपारी अडीच वाजता आले तेव्हा घरात आधीच दोन भांडणं चालू होती.

एक कारखान्यात. कारखाना म्हणजे घराचीच रस्त्याकडची लांबट खोली, बाबांचं चांदीकाम चालायचं ती. पाच वाजता चष्म्यांच्या दुकानासाठी जागा बघायला एक माणूस येणार होता, म्हणून दादा खोली झाडून घ्या म्हणत होता. आत्या म्हणत होती, "माझ्या भावाला जाऊन दीड महिना नाही झाला, आणि तू त्याच्या खोलीला केरसुणी लावायला निघालास?" दुसरं भांडण स्वयंपाकघरात. तिथे वहिनी एकटीच होती. तिचं भांडण भांड्यांशी होतं आणि ते बाहेर सगळ्यांना नीट ऐकू येत होतं.

धाकटी मधल्या दारात उभी होती. वय एक्केचाळीस, पण घरात ती अजून धाकटीच. सकाळपासून तिनं एकच हातोडी चार जागी ठेवून पाहिली होती.

कॅथेड्रलच्या वेदीमागची खोली, तिथली वस्त्रं आणि भांडी किल्लेदार चाळीस वर्षं सांभाळत होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बाबांनीच त्यांना हे नाव ठेवलं होतं. ते येण्याआधी त्यांच्या किल्ल्या येत. आज त्या धावत आल्या.

काखेत पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं भांडं होतं. त्यांनी ते कामाच्या मेजावर ठेवलं आणि कापड सोडलं. कापडाच्या मधोमध बशीएवढा तेलकट डाग होता.

"गळतंय," किल्लेदार म्हणाले.

स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

"काल संध्याकाळी ऑलिव्हचं तेल भरून ठेवलं. सकाळी बघतो तर खाली हे. बाकीची दोन ठणठणीत आहेत. हेच एक."

बाकीची दोन आजोबांच्या हातची होती. एक दीक्षार्थींच्या तेलाचं, बाप्तिस्म्याआधी छातीला लावतात त्या तेलाचं. दुसरं क्रिझमचं, सुगंधी बाल्सम घातलेल्या तेलाचं; ते बाप्तिस्म्याला, दृढीकरणाला आणि नव्या धर्मगुरूच्या तळहातांना लागतं. तिसरं हे, रुग्णांच्या तेलाचं. आजोबांनी तिन्ही एकदमच केली होती, पण हे तिसरं आधी झिजलं, कारण वर्षभर सगळ्यांत जास्त वेळा तेच उघडावं लागे. आजारी माणसं सणवार बघून आजारी पडत नाहीत, असं बाबा म्हणायचे. त्यांनी जुनं वितळवून त्याच चांदीचं हे नवं केलं होतं. ते त्यांचं शेवटचं काम. दफनाच्या आदल्या संध्याकाळी दादानं ते स्वतः कॅथेड्रलमध्ये नेऊन दिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी कबरीपाशी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "शेवटच्या आठवड्यापर्यंत माझ्या वडिलांचा हात थांबला नाही."

"माझ्या भावाचं भांडं गळणार नाही," आत्या म्हणाली. "झाकण नीट लावलं नसेल तुम्ही."

"बाई, तेल झाकणातून खाली गळत नाही."

"मग आडवं पडलं असेल."

"माझ्या कपाटात चाळीस वर्षांत काही आडवं पडलेलं नाही." किल्लेदार दुखावले होते, पण थांबायला त्यांना वेळ नव्हता. "उद्या दहाला बिशप वर्षभराच्या तेलांना आशीर्वाद देणार. सगळ्या चर्चचे फादर आपापल्या कुप्या भरून नेणार. आज हे नुसतं तेल आहे. तुम्ही ते ओता, सांडा, भांडं तापवा, ठोका, काहीही करा. उद्या दहानंतर मी ह्याला कुणाला बोट लावू देणार नाही."

"एक दिवस काचेच्या बरणीत ठेवलं तर?" दादानं विचारलं.

"बिशप म्हणतील, चालेल. मला नाही चालणार." त्यांनी जुडगा हातात घट्ट धरला, तरी किल्ल्या वाजल्याच. "आणि मी धमकी देत नाही. पण इथे होत नसेल तर मला आत्ता दुसरीकडे न्यावं लागेल. कुप्यांना आतून सोन्याचा मुलामा द्यायचाय, ते सगळं काम मी तुमच्यासाठी अडवून ठेवलंय. तेही मग तिकडेच जाईल. मला प्रत्येक कामाला वेगळं दार ठोठावायची सवय नाही."

दादानं धाकटीकडे पाहिलं. त्याचा अर्थ तिला कळला: बघ, कारखाना आपोआपच बंद होतोय, मला वाईट व्हायचीही गरज नाही.

धाकटीनं भांडं उचललं. बुडाचा जोड बोटानं चाचपला, मग बाजूचा उभा. बोटाला तेल लागलं, पण ते सगळीकडेच पसरलं होतं. कुठून गळतंय ते तिला अजून माहीत नव्हतं. का गळतंय ते माहीत होतं, असं तिला वाटत होतं.

ह्या घरात कुठलंही भांडं रॉकेलनं तपासल्याशिवाय बाहेर जात नसे. बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून लावायची, वाळू द्यायची, मग आत रॉकेल ओतायचं. पाणी जिथून जात नाही तिथून रॉकेल जातं, आणि पांढऱ्या खडूवर काळसर डाग उमटतो. पण ह्या भांड्याच्या वेळी बाबा मधल्या खोलीत होते. कसलाही वास आला की त्यांना ओकारी होई. साबणाचा, कांद्याचा, कसलाही. रॉकेलची बाटली उघडायची तिची हिंमत झाली नाही. तिनं भांडं पाण्यानं तपासलं. बाबांनी विचारलं तेव्हा "तपासलं" एवढंच म्हणाली.

"तेल काढून घ्या," ती किल्लेदारांना म्हणाली. "मी बघते."

*

भांडं धुऊन, वाळवून, खडू लावून, रॉकेल भरून मेजावर ठेवेपर्यंत सव्वातीन झाले. पांढरंफटक भांडं खिडकीच्या उजेडात बसलं होतं आणि पाच माणसं त्याच्याकडे बघत होती.

"किती वेळ लागतो?" वहिनीनं विचारलं.

"पाव तास. कधी अर्धा."

"म्हणजे दूध उतू जायची वाट बघण्यासारखंच," वहिनी म्हणाली. "बघत बसलं की जात नाही."

किल्लेदार स्टुलावर बसले, उठले, परत बसले. दादा खिडकीपासून दारापर्यंत सहा पावलं आणि दारापासून खिडकीपर्यंत सहा पावलं करत होता. तो पूल तपासणारा अभियंता. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधकामातले तडे शोधले, पण ह्या खोलीत अठरा वर्षांत त्यानं हत्याराला हात लावला नव्हता. बाबांशी वाद झाला, त्यानं एप्रन खुंटीला लावला आणि गेला. तो एप्रन नंतर धाकटीनं घातला. त्याबद्दल कोणी कधी बोललं नाही.

"उभा जोड त्याचा असेल तर गळणार नाही," आत्या म्हणाली. "बुडाचाही नाही. त्याला आमच्या वडिलांनी शिकवलंय. लहानपणी एक जोड चुकला तर बारा वेळा करायला लावायचे."

"आत्या, बाबांना बरं नव्हतं," दादा म्हणाला. "शेवटी हात थरथरत होते. चुकला असेल. त्यात कमीपणा नाही."

"कमीपणा नाही? उद्या सगळे फादर विचारतील, भांडं कुठंय. हे किल्लेदार सांगतील, गळलं. मग विचारतील, कुणी केलं होतं? काय सांगणार? कबरीपाशी ज्याच्या हाताचं तू एवढं कौतुक केलंस, त्यानं?"

दादाची पावलं थांबली. "मग काय सांगू? खोटं सांगू?"

"तू गप्प बसलास तरी पुष्कळ होईल."

धाकटी खडूकडे बघत होती. अजून काही नव्हतं. तिला वाटलं, डाग यायच्या आधी बोललं तर ते बोलणं होईल; नंतर बोललं तर ती पकडली गेलेली असेल. फरक एवढासाच होता. आणि बोललं की किल्लेदार उठून जातील, हेही तिला दिसत होतं.

"बाबांचा जोड नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"उभाही नाही, बुडाचाही नाही. पत्रा मी कापला, मी वळवला, जोड मी झाळला. ह्याचा आणि गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या कामाचा. बाबा ह्या स्टुलावर बसून सांगायचे. डावीकडे, थांब, आता. त्यांच्या हातात चिमटा राहत नव्हता. गळत असेल तर माझं गळतंय. रॉकेलनं तपासायला हवं होतं, तेही मी केलं नाही."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. चौथ्या लाथेला ती चालू झाली.

आत्या खुर्चीच्या टोकाशी आली. "आणि छाप? त्याच्यावर आमच्या वडिलांची छाप आहे. गोलात तीन टिंबं."

"छाप बाबाच मारायचे. मी धरायची."

"म्हणजे काम तुझं आणि छाप त्याची? तीन वर्षं? आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, बघा माझा भाऊ, ह्या वयात..." तिचा आवाज चिरला आणि तिनं तो रागानं सांधला. "सकाळपासून मी तुझ्या बाजूनं भांडतेय, धाकटे. ह्याच्याशी. तुझा कारखाना राहावा म्हणून. आणि तू मूग गिळून बसलीस."

"बाबांनी सांगितलं होतं, कोणाला बोलू नकोस."

"दादालाही?"

"दादाला तर मुळीच नाही."

दादानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाली. ती दाराला टेकून कप पुसत होती, केव्हाच कोरडा झालेला. "दोन वर्षांपूर्वी जेवायला आलो होतो. हिच्या मनगटावर तीन ताजे डाग, बाबांच्या हातावर एकही नवा नाही. भाजल्याशिवाय का कुणी चांदीकाम करतं?"

"आणि मला सांगितलं नाहीस?" दादा म्हणाला.

"तू विचारलं नाहीस. तू ह्या घराबद्दल काहीच विचारत नाहीस, नुसतं ठरवतोस."

आता सगळ्यांनी किल्लेदारांकडे पाहिलं. ते जुडग्यातली एकेक किल्ली पुढून मागे सरकवत होते, कुठली कोणत्या कपाटाची हे आठवत असल्यासारखे.

"तीन वर्षांत मी इथून तेवीस कुप्या नेल्या," ते शेवटी म्हणाले. "फादर त्या खिशात घालून दवाखान्यात जातात, पावसात जातात, मोटरसायकलवरून जातात."

"हो."

"एकही गळलेली नाही."

धाकटीनं परत खडूकडे पाहिलं.

"हे सोडून," किल्लेदार म्हणाले. पण उठले नाहीत.

*

डाग दादानं पाहिला. त्याची नजर अशा गोष्टींना सरावलेली होती.

"जोडावर नाहीये," तो म्हणाला आणि इतका जवळ वाकला की त्याचं नाक खडूला लागेल असं वाटलं. "इकडे बघ. जोडापासून चार बोटं लांब."

खडूवर एक बारीक काळसर चंद्रकोर उमटली होती. बघता बघता तिची टोकं वाढली आणि एकमेकांकडे वळली. धाकटीनं ओल्या बोटानं खडू पुसला. खाली गोल होता आणि गोलात तीन टिंबं. गोलाची कड एका बाजूनं चिरली होती. केसाएवढी चीर, पण आरपार.

"खालून आधार नव्हता," दादा म्हणाला. त्याचा आवाज कामावरचा झाला होता, कोरडा आणि अचूक. "पत्रा ठोकून ठोकून कडक झालेला, आणि आतून काही न लावता जोरात घाव घातला. कड कापलीच जाणार. छाप मारताना तू भांडं मेखेवर धरलं नव्हतंस?"

छाप मारायला दोन माणसं लागत. मेजाच्या कडेला गोल माथ्याची लोखंडी मेख आडवी बसवलेली होती. भांडं तिच्यावर चढवायचं, एकानं दोन्ही हातांनी दाबून धरायचं, दुसऱ्यानं वरून घाव घालायचा. आणि छाप सगळ्यांत शेवटी, तपासणीच्याही नंतर. रॉकेलनं तपासलं असतं तरी ही चीर तेव्हा सापडली नसती, कारण तेव्हा ती नव्हतीच.

हे तिच्या लक्षात आलं, आणि मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"मी नव्हते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"भांडं पुरं झालं होतं. बाबा रोज म्हणायचे, चल, छाप मारू. मी रोज म्हणायची, उद्या. आठ दिवस. कधी म्हटलं पॉलिश राहिलंय, कधी म्हटलं तुम्हाला ताप आहे." ती थांबली. पुढचं वाक्य तिनं दीड महिना कुणासमोर उच्चारलं नव्हतं. "मला वाटायचं, छाप मारली की काम संपलं. काम संपलं की ते कशाची वाट बघतील?"

आत्यानं तोंडावर हात ठेवला.

"नवव्या दिवशी मी औषध आणायला गेले. परत आले तर पलंग रिकामा. ते इथे जमिनीवर बसले होते, भांडं मांडीत घेऊन. हातोडी बाजूला. एवढे खूश होते. म्हणाले, झालं बघ, तुला कुठे वेळ होता. छाप थोडी तिरकी होती, खोलही होती. आजूबाजूला पोचा आला होता, तो मी नंतर आतून काढला. बाकी काही बघितलं नाही. मला त्या छापेकडे बघवत नव्हतं."

त्यानंतर तीन दिवसांनी फादर आले होते. त्यांनी आजोबांच्या जुन्या कुपीतलं तेल अंगठ्यावर घेऊन बाबांच्या कपाळाला लावलं, मग तळहातांना. तळहातावरची कातडी जुन्या भाजण्यानं इतकी निबर झाली होती की तेल शोषलं जाईना. दिव्याच्या उजेडात चमकत राहिलं. ते ती कोणाला सांगणार नव्हती.

दादा तिच्या शेजारी उभा होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही; तो तसा माणूस नव्हता. त्यानं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि उजेडाकडे धरलं. "चीर वाढेल," तो म्हणाला. "आज नाही तर वर्षभरात. काहीतरी करावंच लागेल."

"आतून चकती लाव," आत्या लगेच म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. आता तिला फक्त एकच गोष्ट वाचवायची होती. "गळती थांबेल आणि बाहेरून छाप तशीच राहील. शेवटची छाप आहे त्याची, धाकटे."

"हं. चकती लाव," दादाही म्हणाला. सकाळपासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. वहिनीनं भुवया उंचावल्या.

धाकटीनं किल्लेदारांकडे पाहिलं. "दरवर्षी जुनं तेल तुम्ही कसं काढता?"

"जाळतो. मग आतून कापसानं पुसतो, आणि तो कापूसही जाळतो." ते अवघडून म्हणाले. त्यांना कुणाचं मन मोडायचं नव्हतं. "थेंबही मागे ठेवायचा नसतो. मी आत बोट फिरवून बघतो. चकती लावली की तिच्या कडेला खाच राहणार. खाचेतलं तेल मी कशानं पुसू? ते तिथे खवट होत बसणार, आणि वर नवं तेल."

"थोडीशी खाच," आत्या म्हणाली. "कोणाला दिसणार आहे?"

"मला बोटाला लागेल, बाई."

आत्या म्हणाली, "धाकटे, तू सांग. तुझ्या बाबांना काय आवडलं असतं?"

ह्या प्रश्नाला घरात दीड महिन्यापासून सगळे घाबरत होते, आणि सगळे तो एकमेकांना विचारत होते. धाकटीला ह्या वेळी उत्तर शोधावं लागलं नाही.

"बाबांनी चकती लावणाऱ्याचा हात अडवला असता," ती म्हणाली. "बाहेरून झाळ वितळवून भरणार आहे. चीर आणि छाप दोन्ही भरतील. आतून सपाट राहील."

"म्हणजे ती जाणार."

"जाणार, आत्या."

आत्या उठली. धाकटीला वाटलं, आता ही निघून जाईल. पण ती मेजापाशी आली, चष्मा कपाळावर चढवला आणि छापेवरून अंगठा फिरवला. एकदा, आणि मग परत एकदा, उलट्या बाजूनं. "तिरकीच मारलीय," ती म्हणाली. "घाई. जन्मभर घाई." मग वहिनीकडे वळली. "चहा कर गं. आणि दुपारसारखा पाणीदार नको."

*

रॉकेल काढून, गरम पाण्यानं आणि साबणानं तीनदा धुऊन भांडं मेजावर आलं. धाकटीनं दोन्ही जोडांवर ओली माती लिंपली, म्हणजे ह्या उष्णतेनं ते उघडणार नाहीत. झाळ नीट वाहावी म्हणून चिरेवर टाकणखार लावला, लवकर वितळणाऱ्या झाळेचे बारीक तुकडे एकेक करून मांडले आणि गॅस पेटवला.

पाचला पाच मिनिटं असताना दारावर टकटक झाली.

तिला मान वळवता येत नव्हती. ज्योत हलली तर चांदी एकीकडे तापणार, झाळ तिकडेच पळणार. चष्मेवाल्याचा आवाज आला, मोठा आणि आनंदी: "वा, जागा चांगलीय! उजेड मस्त." मग दादाचं काहीतरी पुटपुटणं. मग मोजपट्टी ओढल्याचा आवाज.

टाकणखार फुगला, बसला, काचेसारखा झाला. तुकडे अजून तसेच. चांदी मंद लाल व्हायला लागली. किल्लेदारांच्या किल्ल्या पहिल्यांदाच गप्प होत्या.

"ही भिंत अकरा फूट," चष्मेवाला म्हणाला. "इथे आरसे लावता येतील. हे मेज काढणार ना?"

मोजपट्टी खटकन आत गेली.

मग झाळ चालली. तुकडे एकदम चकाकले, एकमेकांत मिसळले आणि पाण्यासारखे चिरेत शिरले. तिथून गोलात, पहिलं टिंब, दुसरं. तिसरं क्षणभर राहिलं. मग तेही भरलं. धाकटीनं ज्योत मागे घेतली. तिच्या हनुवटीवरून घाम मेजावर पडला.

भांडं निवेपर्यंत थांबावं लागलं. मग तिनं माती धुतली, भरलेली जागा कानशीनं सारखी केली. पण उष्णतेनं तिथला पत्रा जरा आत बसला होता. तो मेखेवर ठोकून सरळ करायला हवा होता. तिनं भांडं मेखेवर चढवलं आणि एका हातानं धरून पाहिलं. घसरलं.

"दुसरं माणूस लागेल," ती म्हणाली, विशेष कोणाला नाही.

आत्या पुढे झाली. पण दादा आधी पोचला. त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं, शर्टाच्या बाह्या कोपरावर केल्या आणि भांडं दोन्ही हातांनी मेखेवर दाबलं. पकड चुकली होती. बोटं घावाच्या वाटेत होती. तिनं ती उचलून खाली सरकवली.

"असं?"

"अजून घट्ट. तू पूल धरलेला नाहीस, भांडं धरलंयस. तुझ्याकडे ओढ."

चष्मेवाला मोजपट्टी घेऊन त्यांच्या मागे येऊन थांबला. "तुमचं चालू दे, मी हा कोपरा तेवढा मोजून घेतो. ही कोपऱ्यातली ऐरण कशी निघते?"

"ती निघत नाही," धाकटी म्हणाली. "चार फूट खाली गाडलेली आहे."

"अहो, माणसं लावू. पुढच्या महिन्यात..."

"पट्टी गुंडाळा, साहेब," दादा म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही. "इथे काम चालू आहे."

"पण तुम्हीच तर फोनवर—"

"मी म्हटलं होतं. पण विचारलं नव्हतं."

दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या वहिनीनं एकदा दादाकडे पाहिलं, मग चष्मेवाल्याच्या हातात एक कप दिला आणि त्याला हळूच बाहेरच्या खुर्चीकडे वळवलं.

"हलू नकोस," धाकटी म्हणाली.

"नाही हलत."

"घाबरून डोळे मिटायचे नाहीत."

"मार की गं," दादा म्हणाला.

तिनं हातोडी उचलली आणि मारली.